हंसाची डबी

आंघोळ करून आले, तर सासूबाई तान्ह्या ठमीला पावडर लावत होत्या. डबीच्या झाकणावर सोनेरी हंस होता. माझ्या महागड्या फेस पावडरींच्या संग्रहातली! जगात अशा पाचशेच निघाल्या होत्या, आणि सील तुटलं की संग्राहकांच्या लेखी डबी संपली. बारा वर्षांत मी तेवीस जमवल्या; एकीचंही सील तोडलं नव्हतं. “अहो आई, ही कुठून घेतलीत?” “तुझ्या कपाटातून. बाळाची पावडर संपली होती. एवढा साठा केलायस, म्हटलं लेकीसाठीच असणार. मेली उघडता उघडेना, दातांनी फोडली!” मला रडू येतंय की हसू, कळेना. “चुकलं का गं?” त्यांचा हात थांबला. ठमीने माझ्याकडे झेप घेतली. तिला उचलून मी तिच्या मानेत नाक खुपसलं. इतकी वर्षं जपलेल्या पावडरीचा वास मला आज कळला. “नाही आई, पाठ राहिलीय तिची.”