चरबी गेली कुठे?

यकृत लाल निघालं. ते लाल असायला नको होतं.

धाकटीने दुसरा मासा उघडला, मग तिसरा. सगळ्यांची यकृतं गडद तांबडी, निरोगी. प्रयोगशाळेत सगळ्यांत शेवटी आली म्हणून तिचं नाव धाकटी पडलं होतं. पण हा प्रयोग तिच्या एकटीच्या हाती होता. माशांना तेलकट खाद्य घालून त्यांची यकृतं लोण्यासारखी पिवळट केली होती. मग खाद्य बंद. उपाशी माशाच्या यकृतातल्या पेशी साठवलेली चरबी तोडतात आणि त्यावर दिवस काढतात. ती तोडणारं एन्झाइम एकच, असं प्रयोगशाळेच्या प्रमुख असलेल्या मॅडमचं म्हणणं होतं आणि त्यांची उभी हयात त्यावर गेली होती. ते एन्झाइम बंद पाडायला मॅडमनी बनवून दिलेलं औषध धाकटीने या माशांना टोचलं होतं. म्हणजे चरबी जागच्या जागी राहायला हवी होती. ती जवळजवळ सगळी गेली होती.

मॅडमनी ट्रेमध्ये डोकावून पाहिलं. "औषध दिलं होतंस ना?"

"हो, मॅडम."

त्या मागे वळल्या. आपल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

औषध टोचलं त्या आठवड्यात धाकटीची मुलगी तापाने फणफणली होती. रात्रभर डोळ्यांत तेल घालून जागायचं आणि सकाळी सुई हातात धरायची. औषधाची बाटली आणि तुलनेसाठी दुसऱ्या माशांना टोचायच्या मिठाच्या पाण्याची बाटली दिसायला सारखीच. उचलताना गफलत झाली असेल तर? ती आठवून आठवून थकली, पण तो दिवस काही केल्या डोळ्यांपुढे येईना.

"अर्धा जिना उतरून गॅस बघायला परत वर येणारी बाई तू," घरी तिने हे सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला. "तू काय विसरणार?"

"विसरते म्हणूनच परत येते ना!"

त्यानंतर मॅडम कामापुरतंच बोलू लागल्या. एका सुट्टीच्या दिवशी राहिलेला डबा न्यायला धाकटी प्रयोगशाळेत आली. टाक्यांच्या खोलीत मॅडम एकट्याच होत्या. बाह्या सरसावून, एकेक मासा जाळीत घेऊन टोचत होत्या. तोच प्रयोग, पहिल्यापासून. धाकटी आवाज न करता मागे फिरली. डबा तिथेच राहिला. आपल्यावरचा विश्वास उडाला, हे आता कुणी वेगळं सांगायला नको होतं.

'उद्यापासून येऊ नकोस' हे ऐकायची वाट बघत बसण्यापेक्षा काय ते एकदा कळू दे, असं तिने ठरवलं. त्या माशांच्या यकृताचे तुकडे बर्फात जपलेले होते. त्यातलं एन्झाइम चालू आहे की बंद, हे तपासता येत होतं. चालू निघालं तर चूक तिची.

तिने यंत्र सुरू केलं. पडद्यावरची रेघ वर चढली असती तर सगळं संपलं असतं. रेघ सपाट राहिली. तिने दुसरा तुकडा लावला. सपाट. तिसरा. सपाट. एन्झाइम ठप्प होतं. औषध पोचलं होतं आणि त्याने आपलं काम केलं होतं.

ती स्टुलावर बसली आणि एकटीच हसत सुटली. हसता हसता डोळे भरून आले. मग ती एकदम थांबली. तर मग चरबी तोडली कुणी?

पेशीत इवल्या इवल्या पिशव्या असतात. नको ते गिळायचं आणि पचवून टाकायचं, हे त्यांचं काम. धाकटीने यकृताचे पातळ काप काढले, चरबीला हिरवा रंग दिला, पिशव्यांना लाल. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. चरबीचे उरलेसुरले हिरवे थेंब लाल पिशव्यांच्या आत होते. एन्झाइमने हात टेकले, तसे पेशीने थेंबच्या थेंब गिळायला घेतले होते.

तिने मॅडमना बोलावून आणलं. मॅडम सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या. मग चष्मा काढून त्यांनी दोन्ही तळव्यांत चेहरा झाकला.

"मॅडम, तुमचं इतक्या वर्षांचं म्हणणं..."

"गेलं बाराच्या भावात!" मॅडमनी हात बाजूला केले. त्या चक्क हसत होत्या. "जाऊ दे गं, खुशाल जाऊ दे!"

धाकटीला काही उमजेना. "पण तुमचा माझ्यावर विश्वास राहिला नव्हता ना? सुट्टीच्या दिवशी तुम्ही स्वतः मासे टोचत होतात. मी पाहिलं."

"तुझ्यावर? अगं, तू टोचलंस ते औषध बनवलं कुणी? मीच ना!" मॅडमनी तिचे दोन्ही हात घट्ट धरले. "पुन्हा बनवलं, पुन्हा टोचलं, तरी यकृतं लालच. बनवताना मीच काही विसरतेय का, हे तपासून बघायचा धीर होईना. माझ्या आईला माझ्याच वयात आपल्या घरची वाट आठवेनाशी झाली होती. मला वाटलं, आता माझी पाळी आली."