मागची जागा

माझ्या लेकाने, स्वानंदने, जुनी पण भन्नाट पळणारी गाडी घेतली. आधीच्या मालकाने तीत काय काय बदललंय ते कळेपर्यंत माझी गरोदर सून, अस्मिता, तीत बसणार नाही, असं मी बजावलं होतं. म्हणून कीर्तनाला जाता जाता आम्ही दोघं उलव्याच्या गॅरेजात थांबलो.

चांगदेव मिस्त्री गाडीखालून बाहेर आला.

"काकू, सायलेन्सर बाहेरचा हाय, स्प्रिंगा बी बाहेरच्या. आनि वजन कमी करायला मागची सीट पट्ट्यांसकट काडलीय. सूनबायला आता मांडीवर बसवा!"

मी पुढच्या सीटवर बसून मागे वळून पाहिलं. मागे नुसता उघडा पत्रा होता.

स्वानंदने गाडी चालू केली आणि टिंग टिंग सुरू झालं. समोर डॅशबोर्डवर मागच्या डाव्या जागेची लाल खूण लुकलुकत होती. कोणीतरी पट्टा न लावता बसलंय म्हणे.

"वायर राहिली असेल," स्वानंद म्हणाला.

चांगदेवने मागे वाकून पत्र्यावरून हात फिरवला. "वायरच नाय, दादा."

टिंग टिंग थांबेना. तो ठेका मला थेट टाळांसारखा वाटला. कीर्तनात उशिरा येऊन दाराशी घुटमळणाऱ्याला म्हणावं, तसं माझ्या तोंडून सहज निघून गेलं, "या माउली, बसा. जागा आहे."

मागे पट्टा अडकल्याचा खट्ट आवाज झाला. लाल खूण हिरवी झाली.

चांगदेवने झटक्यात हात ओढून घेतला. "काकू, कोनाला बोलावलंत?"

मी तोंडावर हात दाबून धरला. आता मागच्याच, तिच्या शेजारच्या जागेची लाल खूण पेटली होती.