तीनच्या आत

“टांगा दारात उभा आहे, वहिनी. चपला घाला आणि चला,” नारायणराव म्हणाले.

अनुसूया हलली नाही. नगरपालिकेच्या निवडणुकीतून नाव मागे घ्यायची मुदत आज दुपारी तीनला संपत होती. उमेदवाराने स्वतः कचेरीत हजर व्हायचं, असा नियम. म्हणून तर ही वरात आली होती. पुढे नारायणराव, वॉर्डाचे जुने मेंबर आणि यंदाही उमेदवार. त्यांच्या शेजारी झाशीच्या मराठी समाजाचे अध्यक्ष केशवराव. आणि मागे समाजातली आठ-दहा माणसं. एरवी हाक मारली तर ओ देत नाहीत, पण एका बाईला समजवायचं म्हटलं की धावत येतात!

“आपली मतं मूठभर,” केशवराव म्हणाले. “ती फुटली तर दोघंही पडाल. आणि बाईमाणसानं दारोदार मतं मागत हिंडायचं? आपली काही रीत आहे की नाही?”

“रीत?” अनुसूयाचा आवाज चढला. “शारदा मेली तेव्हा कुठे होती तुमची रीत?”

मोहल्ल्यात नळ नव्हता. बायका रेल्वेचे रूळ ओलांडून पाणी आणायच्या. गेल्या उन्हाळ्यात शेजारची शारदा डोक्यावर घागर घेऊन येताना शंटिंगच्या इंजिनाखाली सापडली. नळ तर कधीच मंजूर झाला होता. पण तो बसला रुळांपलीकडे, नारायणरावांच्या फाटकासमोर. “वहाँ प्रेशर अच्छा है,” असं त्यांनी भर मोहल्ल्यात सांगितलं होतं. तेही हसत!

त्या हसण्यामुळे अनुसूया निवडणुकीला उभी राहिली. तिचा नवरा रेल्वेत गार्ड. सरकारी नोकराला उभं राहता येत नाही. “मग तूच राहा,” तो म्हणाला होता. आज नेमका तो गाडी घेऊन कानपूरला गेला होता.

“मी येणार नाही,” ती म्हणाली.

“येईल ती.”

ओसरीवरच्या बाजेवरून तिचे सासरे बोलले. अनंतराव. तेही जुने गार्ड, आणि जमलेल्या सगळ्यांत वडील. तिनं अर्ज भरल्यापासून ते तिच्याशी एक अक्षर बोलले नव्हते. आज तोंड उघडलं ते हे सांगायला!

“माझा शब्द आहे,” ते म्हणाले. “मी स्वतः तिला टांग्यात बसवतो. पण जेवणवेळी आलेला माणूस या दारातून उपाशी जात नाही. रीत म्हणालात ना, केशवराव? सूनबाई, पिठलं टाक. पोळ्या कर. आणि पाहुण्यांना गोड काही नको का? शिरा कर.”

नारायणरावांनी घड्याळ पाहिलं. जेमतेम बारा वाजून गेले होते. ते खुशीत सतरंजीवर टेकले.

अनुसूयानं चुलीत लाकूड कोंबलं. पोळी अशी लाटली की पोळपाट ओरडला. मामंजींचा दमा उसळला की आपण रात्ररात्र उशाशी बसायचं! आणि यांनी चार लोकांत आपल्याला गाठोड्यासारखं उचलून दिलं? घरात शब्द मामंजींचा. तो मोडायचा कसा? धुरानं डोळ्यांत पाणी आलं. ती ते पुसेना. रडते आहे असं कुणाला वाटू नये, एवढंच तिला हवं होतं.

पंगत बसली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मामंजी पहिल्या पानावर. त्यांनी सावकाश चित्राहुती घातल्या. सावकाश पोळीचा तुकडा मोडला. तोंडात चारच दात, त्यामुळे घास घोळत राहायचा. मध्येच बेतवेच्या पुराची गोष्ट. मग पुन्हा घास. बाकीच्यांची पानं स्वच्छ झाली. हात वाळले. मामंजींची पहिली पोळी अजून अर्धी होती.

“बाबूजी, चलना है कि घोड़ा खोल दें?” बाहेरून टांगेवाला ओरडला.

नारायणराव अर्धवट उठले. “काका, तुमचं चालू द्या सावकाश. आम्ही जरा...”

सगळ्या माना वळल्या. वडीलधारं माणूस उठल्याशिवाय पंगतीतून कुणी उठत नाही. नारायणरावांनीही आजवर कुणाला उठू दिलं नव्हतं.

“उठा की,” मामंजी शांतपणे म्हणाले. “माझं अन्न लाथाडून जायचं असेल, तर जा.”

आठ-दहा माणसं बघत होती. म्हणजे आठ-दहा घरांतली मतं बघत होती. नारायणराव पुन्हा बसले. मानेवरून घाम ओघळला.

“सूनबाई, अजून एक पोळी.”

अनुसूयानं पोळी पानावर जवळजवळ आपटली. खा! खा एकदाचे!

तेवढ्यात रेल्वेच्या कारखान्याचा तीनचा भोंगा झाला.

मामंजींनी त्या पोळीची घडी घातली, पिठल्यात बुडवली आणि चार घासांत संपवली. पाणी प्यायले. उठले. “चला. शब्द दिलाय. बसवतो तिला टांग्यात.”

“आता काय तिला लग्नाला न्यायचंय?” नारायणराव किंचाळले. “हे ठरवून केलंत तुम्ही!”

विड्याला कुणी थांबलं नाही. टांगा रिकामाच खडखडत गेला.

अनुसूया तांब्या घेऊन मोरीपाशी उभी होती. तिनं मामंजींच्या हातांवर पाणी घातलं.

“मामंजी, तुम्ही माझ्यासाठी...”

“तुझ्यासाठी?” ते खेकसले. “मोहल्लाभर हात जोडत फिरलीस. या घरातही एक मत आहे. ते मागायला कधी येणार होतीस?”