पहाऱ्याची नोंद

“पुन्हा तेच.” बाईने पत्र टेबलावर ठेवलं. “साक्षीदार आणा म्हणतात.”

वकिलाने चष्मा लावून पत्र वाचलं. वकिली तो कधी शिकला नव्हता. फौजेतून सुटल्यावर माजी सैनिकांच्या संघटनेत अपिलं लिहून द्यायचा, म्हणून सगळे त्याला वकीलच म्हणत.

बाईच्या नवऱ्याचे दोन्ही डोळे चौकीवरच्या स्फोटात गेले होते. पण नोंदवहीप्रमाणे त्या पहाटे पहारा दुसऱ्याच शिपायाचा होता. आपसात पाळी बदलायची आणि वहीत काही लिहायचं नाही, ही तिथली जुनी खोड. पेन्शन मंडळाने नेमकं त्यावरच बोट ठेवलं: अर्जदार कामावर नव्हता, सबब अपंगत्वाची पेन्शन नाही. दोन अपिलं फेटाळली गेली होती. हे तिसरं आणि शेवटचं.

“तो शिपाई सापडला का?” बाईने विचारलं.

“पत्र परत आलं. पत्ता बदललाय म्हणे.”

“जिवंत तरी आहे का मेला?”

“आहे म्हणायचा,” वकील म्हणाला आणि कागद सारखे करू लागला.

हॉस्पिटलच्या धुलाईखान्यातलं काम आटपून बाई चार वर्षं या कचेरीचे जिने चढत होती. वकील तिच्याकडून फी घेत नसे. त्याची अट एकच, आंधळ्या माणसाला तीन मजले चढवून आणायचं नाही. देवमाणूस आहे, असं बाई शेजारणींना सांगायची. ती गेली की या देवमाणसाला घास गिळवत नसे. भरदुपारी दार आपटलं तरी तो खुर्चीतून उठून उभा राहायचा. जन्मभर दुसऱ्यांची दुखणी लिहिली की असंच होणार, अशी तो स्वतःची समजूत घालायचा.

या वेळचं अपील त्याने तीनदा फाडून पुन्हा लिहिलं.

सहीच्या दिवशी बाई नवऱ्यालाच घेऊन आली. “ऐकतच नाहीत. शेवटचं आहे, वाचून घेतल्याशिवाय सही करणार नाही म्हणाले.”

वकिलाने नुसती खुर्ची पुढे ओढली.

“अहो, बोला ना यांच्याशी. दिसत नाही, पण कान तिखट आहेत.”

वकिलाने घशाकडे बोट दाखवलं.

“घसा बसलाय त्यांचा,” बाईने नवऱ्याला सांगितलं आणि ती अपील वाचू लागली. वाळूची पोती, थर्मासातला गार झालेला चहा, सगळं त्यात होतं. “‘ज्याचा पहारा होता त्या शिपायाची दाढ ठणकत होती. अर्जदार त्याला म्हणाला, तू पड जरा, मी उभा राहतो.’” तिने मान वर केली. “किती बारकाईने लिहिता हो तुम्ही.”

“ते दाढेचं पुन्हा वाच,” नवरा म्हणाला.

तिने वाचलं. मग तो म्हणाला, “खाली जाऊन याच्या दोन झेरॉक्स काढून आण.”

तिची पावलं जिना उतरून जाईपर्यंत तो थांबला.

“दाढेचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं,” तो म्हणाला. “हिलासुद्धा नाही.”

वकील खुर्चीतून उठून उभा राहिला.

आंधळ्याने टेबल चाचपत हात पुढे केला. “काढलीस का रे ती शेवटी?”