जांभळी शाल
बारा वर्षांनी गायला परतलेल्या फियामेत्ताला मेकअपरूममध्ये खुर्चीवर जांभळी शाल दिसली. स्टेजवर जांभळा रंग म्हणजे अपशकुन, हे इटलीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिने कोरसमधल्या देझोलिनाला फैलावर घेतलं. "माझ्या जागेवर डोळा आहे ना तुझा?" "बाई, ही बघितल्यापासून मी अपशकुन टळावा म्हणून लोखंडाला हात लावून उभी आहे!" देझोलिनाने मुठीतली किल्ली दाखवली. फियामेत्ताने नवऱ्याकडे, ओरेस्तेकडे पाहिलं. तिचा कारभारही तोच पाहायचा; आता तो बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधत होता. "तू ठेवलीस?" "अपशकुनाचं निमित्त करून घरी गेली असतीस, कुणी नावं ठेवली नसती. सकाळी तालमीत तुझा आवाज ऐकला, फिया. सांगायला जीभ रेटेना." बाहेर तिचा पुकारा झाला. तिने शाल उचलून खांद्यावर घेतली. "असू दे. आवाज फाटला, तर लोक हिलाच बोल लावतील."