पंजाबरावाच्या वावरातलं विमान

विमान पडलं ते पडलं, अन् तेही पंजाबरावाच्याच वावरात! उत्तमरावाच्या अंगाचा नुसता भडका उडाला.

संग्रामपूरच्या बाजाराला निघालेली माणसं वाट वाकडी करून पंजाबरावाकडे जात होती. फवारणीचं ते इवलंसं विमान कपाशीत नाक खुपसून पडलं होतं. वैमानिकाला परवाच बैलगाडीतून सडकेपर्यंत आणि तिथून जीपनं शेगावच्या दवाखान्यात हलवलं होतं. आता मुंबईहून चौकशीचे साहेब आले होते, आणि पंजाबरावाच्या ओट्यावर बसून पंजाबरावाचाच चहा पीत होते.

"आपल्या वावरात काय कमी होतं?" उत्तमराव घरात येरझारा घालत होता.

"अवो, माणूस तिकडं हातपाय मोडून पडला," त्याची बायको जनकाबाई म्हणाली. "तुमाले हेवा कायचा वाटून राह्यला?"

"तुले नाई समजत."

तिला चांगलं समजत होतं. दोघं चुलतभाऊ. पंजाबरावाच्या विहिरीला आधी पाणी लागलं, रेडिओही आधी त्याच्याच घरी वाजला. दोघांच्या वावरांमधल्या धुऱ्यावरच्या आंब्यापायी तर आठ वर्षं कोर्टात दावा चालू होता. विमान यायच्या आधी सरकारी हुकमाची दवंडी झाली, वाटेतल्या उंच झाडांचे शेंडे मालकांनी उतरवावे म्हणून. पंजाबरावाचे गडी कुऱ्हाडी घेऊन आले, तर उत्तमराव पठ्ठ्या काठी घेऊन आंब्याच्या बुंध्याशी बसला. "फांदीले हात तं लावून पाह्य बे!" गडी परत गेले.

आज सकाळी गर्दी व्हायच्या आत उत्तमरावानं एक काम उरकलं होतं. विमानाचं तुटलेलं चाक त्यानं धुरा ओलांडून आपल्या वावरात लोटत आणलं होतं.

चहा संपवून साहेब पंजाबरावाला आणि गर्दीला घेऊन तिथं आले, तेव्हा उत्तमराव चाकापाशी हजर होता. त्यांनी चाकाकडे पाहिलं, मग मातीत उमटलेल्या चाकोरीकडे पाहिलं. उत्तमराव घाईनं ती पायानं पुसू लागला.

"चाक कुठं पडलं याला महत्त्व नाही," साहेब म्हणाले. "विमान आधी धडकलं कशाला, ते महत्त्वाचं. या आंब्याच्या शेंड्याला धडकलं."

उत्तमरावाला आभाळ ठेंगणं झालं. "मंग साहेब, अपघात माह्याच इथला! आंबा माहा हाये. माह्या बापानं लावला."

"पंजाबराव, तुमचं काय म्हणणं?"

पंजाबराव खाली बघत होता. एकेका कैरीसाठी हमरीतुमरीवर येणारा तो माणूस हळूच म्हणाला, "त्याचाच हाये, साहेब. म्या उगाच भांडलो. दावा मागं घेतो."

आठ वर्षांत वकिलाला जमलं नाही ते एका सकाळी झालं! उत्तमरावाला आनंद मावेना.

"आयकलं ना सगळ्याइनं? लिहा साहेब, लिहा!" साहेबांनी लिहिलं. उत्तमरावानं खाली ठसठशीत सही ठोकली, बापाच्या नावासकट.

"साहेब, पेपरात नाव येईन का माहं?"

"येईल," साहेब म्हणाले. त्यांनी कागदाची घडी घातली आणि पेनाला टोपण लावलं. "वैमानिक आज सकाळी दगावला. हुकूम मोडून शेंडा तसाच ठेवणारा मालक कोण, तेवढीच जागा अहवालात कोरी होती."