दोनच माणसं

“दोन माणसं म्हणजे दोनच. मालकानं साफ सांगितलं,” जानराव म्हणाले आणि गादीच्या वळकटीला दोरी आवळू लागले.

प्रवीण दारातच थांबला. एका पायातला बूट काढला होता, दुसरा काढायचा राहिला. रसमड्याच्या कारखान्यातली सुपरवायझरी आटोपून तो नुकताच आला होता आणि चहाऐवजी ही बातमी हातात पडली होती. बाप रिटायर झाला की प्लांटचं क्वार्टर जातं, हे भिलईत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मरोद्याचं हे क्वार्टर महिनाअखेर सोडायचं, हे प्रवीणला ठाऊक होतं. बाबांनी कोहक्यात भाड्याचं घर ठरवलं, हेही त्यानं ऐकलं होतं. त्या घरात आपण नाही, हे मात्र त्याच्या हिशेबात नव्हतं.

“मग आमी कुठं जावं?”

“तेहतीस वर्षांचा घोडा झाला तू. पाहून घे.”

“लोकं काय म्हणतील, बाबा? पोरानं बुढ्ढ्या मायबापाले एकटं टाकलं म्हणतील! तुमचं दवाईपाणी कोण पाह्यते? मीच पाह्यतो ना?”

पाहत होता, हे खरं. औषधाचा डबा फ्रिजवर आहे, एवढं तो रोज पाहत असे. दूध, गॅस, किराणा, लाइटबिल जानरावांच्या अंगावर. शनिवारचे समोसे प्रवीणच्या. त्या समोशांची आठवण पुढच्या शनिवारपर्यंत सगळ्यांना राही, कारण तो ती राहू देई. बापानं पगाराचं विचारलं की म्हणे, पुरतो कुठं, महागाई पाहा. लग्नाला तीन वर्षं झाली होती. बायको म्हणजे दामिनी अधूनमधून म्हणे, एक खोली का होईना, आपली पाहू. तिला तो सांगे, “मायबापाले सोडून कसा येऊ? माह्यावर तसले संस्कार नाहीत.” मुक्काम एकच, कारण माणूस पाहून.

दामिनी स्वयंपाकघराच्या दाराशी बसून कपबशा पेपरात गुंडाळत होती. त्या कोणाच्या सामानात जायच्या, हे तिला अजून कोणी सांगितलं नव्हतं.

“हा मालक हाये कोण?” प्रवीणचा आवाज शेजारच्या क्वार्टरपर्यंत गेला. “आदमी है या जानवर? पोराले मायबापाजवळ राहू देत नाही? नंबर द्या मले त्याचा, अभी के अभी बात करतो. असल्या भाडेखाऊ माणसाले चौकात उभा करून जोड्यानं हाणला पाह्यजे!”

“हाण,” जानराव म्हणाले. “एक तर तू काढूनच ठेवला हाये.”

“जाऊ द्या ना जी,” सिंधुताई आतून म्हणाल्या. लेकाचा चहा त्यांनी अजूनही टाकला नव्हता. या घरात हे पहिल्यांदाच घडत होतं.

“कावून जाऊ देऊ?” जानराव दोरी फेकून उभे राहिले. “चंपत दलालानं माह्यासमोर फोन लावला मालकाले. स्पीकरवर. मालक म्हणते, रिटायर बुढ्ढा-बुढ्ढी असन तर खुशाल द्या, भाडं टायमावर देतात. पण त्याइची कमावती पोरं मागून येतात आन् फुकटात ठिय्या मारतात, ते नाही चालणार. दोनच माणसं. मी आवाज ऐकला आन् चंपतले म्हटलं, घर पाह्यत नाही, नाव सांगत नाही, पसंत हाये. पाठवून दे त्याले ॲडव्हान्स.” ते लेकाच्या तोंडासमोर आले. “भेटला ना तुले, प्रवीण?”

प्रवीणनं उगाच दुसरा बूट काढायला घेतला.

“बाबा, ते... इन्व्हेस्टमेंट होती. लग्नाच्या आधीची,” तो बुटाच्या नाडीला म्हणाला. “मले काय मालूम, तुमीच हाये म्हणून! आता तर कामच झालं ना. घर आपलंच. भाडं कायचं? सगळेच जाऊ.”

“भाडं देऊ. एक तारखेले देऊ. नियम तुहा हाये, आमी मोडणार नाही.”

फ्लॅट लग्नाआधीचा, म्हणजे दामिनीपेक्षा जुना होता. तिला तो आज कळत होता, तोही सासऱ्याच्या तोंडून, दलालाच्या स्पीकरवरून. तिनं शेवटची बशी गुंडाळली. खोकं उचललं, सिंधुताईंच्या सामानात नेऊन ठेवलं, आणि नवऱ्याकडे न पाहता सासऱ्यांना म्हणाली,

“मामाजी, मालकाले विचारून घ्या, तिसरं माणूस चालते काय. एकटी बाई हाये म्हणा.”